आधी जीभ, मग खोली

बेळगावच्या वडगावात खोली बघायला गेले तेव्हा घरमालकिणीनं माझं नाव विचारलं नाही, जात विचारली नाही, लग्न का झालं नाही हेही विचारलं नाही. या तिन्ही प्रश्नांची उत्तरं मी रिक्षातच तयार करून ठेवली होती. ती दारात आली, कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि म्हणाली, "जीभ काढ बघू."

मी काढली. बेळगावातल्या एका कॉलेजात नवीन लागले होते, चार घरांतून नकार घेऊन आले होते, खोलीसाठी जीभच काय, काहीही दाखवायची तयारी होती. तिनं मान डावीकडं केली, उजवीकडं केली आणि चेहरा पाडला. "जांभळी पडलीय गं. लई वाईट. रक्तच न्हाय तुझ्यात."

"येताना जांभळं खाल्लीत, आक्का," मी म्हटलं.

तिनं चष्मा काढून पदरानं पुसला. मग काही घडलंच नाही अशा आवाजात म्हणाली, "मग चूळ भर आणि परत काढ." दुसऱ्या खेपेला जीभ पास झाली आणि मला माडीवरची खोली मिळाली.

सगळी गल्ली तिला आक्का म्हणायची. सत्तरी गाठलेली, काटक, नऊवारी नाही आणि सहावारीही नाही असं काहीतरी मधलंच नेसायची. आयुष्यभर सरकारी दवाखान्यात नर्स होती. त्यातली बरीच वर्षं कणकुंबीच्या बाजूला, रानातल्या वाड्यावस्त्यांवर पायी फिरण्यात गेली. निवृत्त झाली तरी फिरणं सुटलं नव्हतं. फक्त रानाच्या जागी आता आमची गल्ली आली होती आणि सुटका कुणाचीच नव्हती. दूधवाला, मीटर बघायला येणारा, मत मागायला आलेला उमेदवार, सगळ्यांना आधी जीभ काढावी लागायची. उमेदवारानं हसत हसत टाळलं, तर तिनं "ह्याला काय तरी लपवायचंय" असं गल्लीभर सांगितलं. तो पडला. ते आक्कामुळं नव्हे, पण आक्काला तसं वाटायचं.

जीवनसत्त्वं हा शब्द तिच्या तोंडात कधी आला नाही. ती सरळ अ, ब, क, ड म्हणायची, तेही एकेरीत, आपल्या भाडेकरूंबद्दल बोलावं तशी. "अ, ड, ई आणि के, हे चौघं मुक्कामाला येणारे. तेलातुपाबरोबर येत्यात आणि लिव्हरात, चरबीत बिऱ्हाड करून राहत्यात. त्यांना लई बोलवायचं न्हाय, गर्दी झाली तर घरच खराब करत्यात. ब आणि क पाण्यातले. सकाळी आले की संध्याकाळी गेले. त्यांना रोज बोलवायला लागतंय." एवढं सांगून झालं की एकेकाची चहाडी सुरू व्हायची. ड आळशी, उन्हात बसल्याबिगर उठत नाही. क नाजूक, चिरून ठेवलं की रुसतो, उकळलं की जातोच. के जखमेचं दार लावतो. "आणि ई काय करतो?" मी एकदा विचारलं. "शेंगदाण्यात बसून राखण करतोय," ती म्हणाली आणि घाईनं विषय बदलला. मला वाटतं ईबद्दल तिला फारसं ठाऊक नव्हतं, पण तसं कबूल करणाऱ्यांतली ती नव्हती.

भाडेकरूंसाठी तिचे नियम होते आणि ते पाण्याच्या वेळेपेक्षा कडक होते. भाताची पेज ओतून देणं हा गुन्हा. भाजी आधी चिरून मग धुणं हा त्याहून मोठा गुन्हा. लिंबू पिळायचं ते भाजी खाली उतरवल्यावर. एकदा मी वजन कमी करायचं म्हणून शेवग्याचा पाला नुसता वाफवला, तर ती थेट माडीवर आली. "तेल कुठाय ह्यात? अ काय चालत जाणार व्हय पोटातनं रक्तात? त्याला गाडी दे की!" आणि माझ्याच डब्यातल्या तेलाची, माझ्याच कढईत, तिनं फोडणी केली. मला राग आला होता. भाजी मात्र चांगली झाली होती.

सकाळी अकराला ती काठी घेऊन गल्लीत निघायची. वडगावात घराघरात माग. माणूस सकाळी मागावर बसला की दिवे लागल्यावरच उठतो, त्यामुळं भर उन्हाच्या गावात राहूनही माणसं पांढरीफटक. आक्का एकेका दारावर काठी आपटायची आणि मागांच्या खडखडाटावर आवाज चढवून ओरडायची, "सावली बघा, सावली!" आपली सावली आपल्यापेक्षा आखूड झाली की ते ऊन कामाचं, लांब सावलीचं ऊन नुसतं बघायचं, हा तिचा हिशेब. मग म्हातारे, बायका, दोन-तीन विणकर बाहेर येऊन हात-पाय उघडे टाकून ओट्यावर बसायचे. एक विणकर रोज कुरकुर करायचा, "आक्का, धागा तुटलाय, जरा थांबा की." त्याला तिनं एक दिवस विचारलं, "आणि हाड तुटलं तर गाठ मारशील काय त्याला?" त्या दिवसापासून तो सगळ्यांच्या आधी ओट्यावर यायला लागला.

तिची एक गोष्ट मी निदान वीस वेळा ऐकली असेल. कणकुंबीकडच्या एका वस्तीवर चार वर्षांची एक पोरगी होती. दिवसा चांगली हुंदडायची, पण संध्याकाळ झाली की धडपडायची, भांडी लवंडायची. घरचे म्हणायचे वेंधळी आहे, आणि धपाटे घालायचे. आक्कानं तिन्हीसांजेला तिच्यापुढं वाटी धरली तर पोरीचा हात वाटीच्या शेजारून गेला. तिनं दवाखान्यातून अ चा डोस आणून पाजला. पुढच्या फेरीला गेली तेव्हा त्याच पोरीनं तिन्हीसांजेला कोंबडी धावत जाऊन पकडून दाखवली. ही कोंबडी कधी तांबडी असायची, कधी काळी, एकदा तर चक्क बदक होती. मात्र गोष्टीचा शेवट कधी बदलला नाही. शेवटी आक्का रागानं म्हणायची, "दारात शेवगा हुता गं त्यांच्या. परसात भोपळा हुता. आणि पोरगी आंधळी!"

तिच्या या सगळ्या कारभाराची मी तीन वर्षं मजाच बघितली. कॉलेजात सांगून हशा मिळवला. जांभळाची गोष्ट तर माझी ठेवणीतली होती. आणि मग माझी आई तिथं राहायला आली.

आई सदलग्याला एकटी असायची. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. दादा इचलकरंजीला, मी बेळगावला. दारात एक म्हैस, तिचं दूध डेअरीला, आणि आईचा दिवस त्या म्हशीभोवती. वर्षभरापासून आईचं काहीतरी बिघडत चाललं होतं. पायातली चप्पल वाटेत निघून जायची आणि तिला पत्ता नसायचा. "पायाखाली कापूस घातल्यागत वाटतंय," म्हणायची. गावातल्या डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून लाल गोळ्या दिल्या. रक्त वाढलं, पाय तसेच राहिले. मग विसरणं सुरू झालं. म्हशीला दोनदा वैरण घालायची, तर कधी घालायचीच नाही. मला माझ्या मेलेल्या मावशीच्या नावानं हाक मारायची. शेवटी गोठ्यात पडली. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे. आई साठीचीसुद्धा नव्हती.

दादानं इचलकरंजीजवळ एक आश्रम बघितला. "स्वच्छ हाय, जेवण चांगलं हाय, बघायला माणसं हायत," तो फोनवर म्हणाला, आणि बोलता बोलता रडला. म्हैस विकायची, घराला कुलूप लावायचं आणि पुढच्या रविवारी त्यानं येऊन आईला न्यायचं, असं ठरलं. मीही हो म्हटलं होतं. हे लिहायची आज लाज वाटते, पण म्हटलं होतं. तोवरचे आठ दिवस आईला मी माझ्या खोलीवर आणलं.

दारातच आक्का. "जीभ काढा बघू, वैनी."

"आक्का, आज नको," मी म्हटलं. माझा आवाज चढला असावा. पण आईनं शाळेतल्या पोरीसारखी जीभ काढली. लालभडक आणि गुळगुळीत, पुसून घेतलेल्या पाटीसारखी. आक्का या वेळी काही बोलली नाही, हेच मला विचित्र वाटलं. ती म्हणाली, "वैनी, पाय जोडून हुभ्या ऱ्हावा. आता डोळं मिटा." आईनं डोळे मिटले आणि ती उभ्या उभ्या झोकांडत एका बाजूला गेली. आक्का तिला धरायच्या तयारीतच होती.

मग तिनं आईला काय खाता असं विचारलं नाही. "माणूस काय खातोय ते सांगत न्हाय, काय खायला पाहिजे ते सांगतोय," असं तिचं मत होतं. तिनं आईला दिवसभर आपल्या स्वयंपाकघरात बसवून घेतलं. दुपारी ताक पुढं केलं तर आई म्हणाली, सोसत नाही. भातावर दही, तर नको. चारला चहा आला, तर आईनं हळूच कोरा मागितला.

"म्हस दारात आणि चहा कोरा?" आक्का म्हणाली. "कधीपासनं?"

आई पदर बोटाला गुंडाळत राहिली. तिला सकाळचं आठवत नव्हतं, पण हे आठवत होतं. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "हिला नोकरी लागली तवापासनं."

बेळगावच्या आधी मी पहिल्यांदा गेस्ट लेक्चरर म्हणून लागले त्या वर्षी आईनं ग्रामदेवतेपुढं बोलून ठेवलं होतं, हिला पक्की ऑर्डर येईपर्यंत दूध, दही, ताक, तूप, काही तोंडात घालणार नाही. त्याला सात वर्षं झाली होती. दर वर्षी माझी ऑर्डर गेस्टचीच येत होती, आणि आई रोज दोन वेळा म्हशीची धार काढून थेंब न चाखता सगळं डेअरीला घालत होती. आमच्या घरात पिढ्यानपिढ्या मांस नाही, अंडं नाही. आक्कानं कपाळाला हात लावला.

"बी-बारा," ती म्हणाली. "शिरांवर कवर असतंय गं, वायरीवर असतंय तसं. ते नीट ठेवायचं काम ह्याचं. ह्यो संपला की कवर सोलतंय, मग पायाचा निरोप डोक्याला जात न्हाय आणि डोक्याचा पायाला. झाडपाल्यात ह्यो मिळतच न्हाय. मटण, मासळी, अंडी, न्हायतर दूध. शाकारी माणसाला दुधाचाच आधार, आणि हिनं त्योच सोडला."

"पण सात वर्षं काही झालं नाही," मी म्हटलं.

"पाण्यातला असून ह्यो एकटा मुक्कामाला राहतोय. चार-पाच वर्सं लिव्हरात पुरतोय. म्हणून कधी संपला ते कळत न्हाय."

मी आईवर ओरडले. इतकी ओरडले की शेजारचा माग थांबला. माझ्यासाठी कुणी सांगितलं होतं, मी मागितलं होतं का, असलं सगळं. खरं तर मला स्वतःचीच चीड आली होती. सात वर्षं दिवाळीला घरी जाऊन मी आईच्या हातचं बासुंदीचं पातेलं चाटूनपुसून खाल्लं, आणि ती आपली वाटी घेत नाही हे मला एकदाही दिसलं नव्हतं. आक्कानं मला बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी ती आम्हाला तिच्या ओळखीच्या डॉक्टरांकडं घेऊन गेली. "मी नर्स हाय, डॉक्टर न्हाय. रक्त बघितल्याबिगर सुई न्हाय," हे ती ठासून म्हणाली. जांभळी जीभ मी विसरले नव्हते. या वेळीही ती चुकली तर, अशी भीती होती, आणि बरोबर निघाली तर त्याचीही होती. रिपोर्टची वाट बघत आम्ही बाकावर बसलो तेव्हा तिनं मला एक गोष्ट सांगितली. ही मी आधी कधी ऐकली नव्हती, आणि तिच्यात कोंबडी नव्हती.

"एका बाईला अशाच मुंग्या येत हुत्या पायाला. मी लाल गोळ्या दिल्या. त्यात लोखंड असतंय आणि फॉलिकबी असतंय. रक्त चढलं, बाईचा चेहरा उजळला, घरच्यांनी मला नारळ दिला. फॉलिकनं रक्ताची तक्रार मिटली, शिरांची आतल्या आत तशीच चालली. वर्साभरानं परत गेले तर बाई अंथरुणात. पाय गेलेले." तिनं काठी मांडीवर आडवी घेतली. "मला ठावं न्हवतं गं तवा. जीभ बघायला पाहिजे हुती."

तिच्याबद्दल कॉलेजात मिळवलेला सगळा हशा मला त्या बाकावर आठवला आणि मान वर करवेना.

रिपोर्ट आला. बी-बारा जवळजवळ नव्हताच. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात, इंजेक्शनं लगेच सुरू करू, आणि दूधही सुरू करा. आई खुर्चीतून उठलीच. "दूध न्हाय. देवीला शब्द दिलाय." मी परत तोंड उघडणार तेवढ्यात आक्कानं माझा हात दाबला.

"वैनी, दुधाचा शब्द दिलाय न्हवं?"

"व्हय."

"सुईचा दिलाय काय?"

आईनं विचार केला. "न्हाय."

"मग साकू, तेवढं पुरे. झालं तर. दंड पुढं करा."

आईनं दंड उघडला आणि मधेच परत झाकला. "त्यात दूध न्हाय न्हवं?" आक्कानं डॉक्टरांच्या हातातून खोका घेतला, चष्मा नाकावर आणला आणि इंग्रजीतली बारीक अक्षरं एक एक करून आईला वाचून दाखवली. शेवटपर्यंत दूध आलं नाही. तेव्हा कुठं आईनं दंड दिला.

दादा आधी माझ्यावर वैतागला. "घरमालकिणीचं ऐकून आईवर प्रयोग करतीस व्हय?" फोन आक्कानं घेतला. "रिपोर्ट बघ आणि मग बोल. दसऱ्यापतोर म्हस विकायची न्हाय," एवढं सांगून तिनं फोन बंद केला. रिपोर्ट पाठवल्यावर दादाचा एका ओळीचा मेसेज आला, दसऱ्यापर्यंत थांबू म्हणून. म्हशीला शेजारीण वैरण घालत होती.

पहिले पंधरा दिवस काहीच फरक नव्हता. आक्का रोज आईला डोळे मिटून उभी करायची आणि आई रोज झुकायची. मी खोलीत जाऊन तोंड धुण्याच्या निमित्तानं रडायची. मग एका सकाळी आई मला माझ्या नावानं हाक मारून म्हणाली, "माझा झाकणाचा स्टीलचा डबा दोन वर्सं झाली नेलीस. लोणच्याचा. परत कधी देणार?" आणि मग डब्यावरून सुरू झालेलं बोलणं माझ्या एकूण निष्काळजीपणावर गेलं. मी शिव्या खात होते आणि हसत होते. त्या वर्षी इतकं गोड मला कुणी बोललं नव्हतं. खाली जाऊन आक्काला सांगितलं तर ती म्हणाली, "डोकं आलं. पायाला वेळ लागंल. आणि डबा दे तिचा."

दसऱ्याला दादा आला तेव्हा आईनं त्याला दारातच विचारलं, "आश्रमात जेवण चांगलं हाय म्हणं. तू जेवून बघितलंस काय?" दादानं तिच्या पायावर डोकं ठेवलं. म्हैस विकली नाही.

पुढं मला निपाणीच्या कॉलेजात जागा मिळाली आणि मी वडगावची खोली सोडली. आता सदलग्याहून ये-जा करते, आईजवळ राहते. अजून गेस्टच आहे. त्यामुळं नवस चालू आहे आणि सुईही चालू आहे, महिन्याला एक. मी खूप भांडून बघितलं, आता सोडून दिलंय. आई काठी न घेता गोठ्यात जाते, धार काढते, डेअरीवाल्याशी फॅटवरून वाद घालते. फक्त तळपाय अजून मुके होते. डॉक्टर म्हणाले होते, तेवढे कदाचित तसेच राहतील.

गेल्या महिन्यात एका रविवारी मी आत पेपर तपासत होते. आई अंगणात अनवाणी शेंगा वाळत घालत होती. एकदम ओरडली, "अयाया गं!" मी लाल पेन हातात तसंच घेऊन धावले. वाटलं, परत पडली. आई एका पायावर उभी होती आणि उजवा तळवा हातात धरून अंगणातल्या एका खड्याला त्याच्या खानदानासकट शिव्या घालत होती. शिव्या घालता घालता ती थांबली. माझ्याकडं बघितलं. मग तिनं उजवा पाय खाली टेकला, तोच खडा शोधून त्याच्यावर मुद्दाम दाबला, आणि "टोचतोय गं," म्हणाली. "टोचतोय!"

मी तिथूनच आक्काला फोन लावला. तिला सगळं सांगितलं. मागून माग खडखडत होते. मग नाक ओढल्याचा आवाज आला आणि तिनं विचारलं, "कुठल्या पायाला?"

"उजव्या."

"बरं झालं. आता डाव्याची वाट बघायची."

फोन ठेवून मी वळले, तर आई तोच खडा डाव्या पायाखाली घेऊन, डोळे मिटून, न झुकता सरळ उभी होती. "हितंबी येतंय," ती म्हणाली. "थोडं थोडं."